उजवीकडच्या सहा फळ्या

जहाजाची एकच कूस आधी भरू नये.
एक फळी उजवीकडे बसवली की
लगेच तिची जोडीदारीण डावीकडे,
नाहीतर सुकता गोंद कण्याला आपल्या बाजूला ओढतो.
एस्किल्डला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू?
मार्स्टालच्या गोदीत हयात गेली त्याची.
तरी त्या शेवटच्या जानेवारीत त्याने
कण्यापासून वर, उजवीकडे, लागोपाठ सहा फळ्या मारल्या.
डावीकडे नुसत्या बरगड्या,
ताटात उरलेल्या काट्यासारख्या.

मार्चपर्यंत सांगाडा मान कलती करून उभा,
कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखा.
मी त्याच्यावर चादर टाकली. दोन वर्षं.

चर्चच्या छताला साखळी कधीच लावून झाली होती.
पाद्रीणबाई रिग्मोर म्हणायच्या, घाई नाही हं,
आणि साखळीकडे बघायच्या.

मी दर्यावर्दी नव्हे. मी दात घडवले,
एकोणचाळीस वर्षं, फेरीबोटीने स्वेनबॉर्गला जाऊन-येऊन,
कधी न पाहिलेल्या तोंडांसाठी.
शेजाऱ्याला न दुखवता कसं बसवायचं,
एवढं मला येतं.
काढायचं कसं, तेही.

बारीक कुंचला, स्पिरिट.
फटीत थेंब सोडायचा, थांबायचं,
पातळ पातं सरकवायचं. पुन्हा थेंब.
सहावी निमूट सुटली. पाचवीसुद्धा.
वाटलं होतं हात थरथरतील;
थरथरले नाहीत, याचाच राग आला.
चौथी चिवट. गोंद दुप्पट,
जशी त्याच्या कॉफीत साखर.
निघाली तेव्हा तिच्या आतल्या अंगाला
सुतारी पेन्सिलीने एकच शब्द:
खुर्ची.

मी खिडकीकडे पाहिलं.
जहाज टेबलाला स्क्रूने जखडलेलं,
ती ओकची जड खुर्ची खिडकीच्या अंगाला,
जिथे डिसेंबरात मीच ठेवली होती, उजेड यावा म्हणून.
ओढून पलीकडे न्यायला
त्याला कुणीतरी हवं होतं.
मी शेजारच्या खोलीत होते. रेडिओ लावून.
हाक मारायची आठवण राहावी म्हणून लिहिलं असेल,
आणि मग तीच फळी लावून टाकली.

आता पट्ट्या किटलीच्या वाफेवर धरते,
केस कुरळे करायच्या माझ्या जुन्या चिमट्यावर वळवते.
नाळेपाशी प्रत्येकीने निमुळतं व्हायचं असतं,
नाहीतर सगळ्या एकदम शिरू बघतात,
कन्फर्मेशनच्या जेवणाला आलेल्या आत्यांसारख्या.
एक उजवीकडे.
उठायचं. खुर्ची ओढायची.
एक डावीकडे.
पुन्हा खुर्ची.
अठ्ठावीस जोड्या; लाकडी जमिनीवर
चंद्रकोरीसारखा ओरखडा पडलाय.
कणा सरळ झाला, अगदी पुरता नाही.
दोरा धरून पाहिला:
केसाएवढा अजून खिडकीकडे झुकतो.
राहू दे.

त्याच्या सहाही फळ्या शाबूत होत्या.
सगळ्या उजवीकडे परत लागल्या असत्या.
मी तीन तिथे लावल्या, तीन डावीकडे.
उजवीची फळी डावीला बसते,
फक्त उलटी करावी लागते:
आतलं अंग बाहेर येतं.
चौथी मी डावीकडे घेतली.
पॉलिशपेपर घासताना तेवढी जागा चुकवली.
वर रंग नाही, नुसतं तेल.

रविवारी शिडी लावून वर चढवलं, नाळ वेदीकडे.
खाली बाकांवर आम्ही सगळे
समुद्राच्या तळाशी बसल्यासारखे.
इथून ना शीड धड दिसतं, ना डेक,
जो मी पाच आठवडे कोरत बसले होते;
दिसतं ते पोट.
ओलुफच्या नातीचे डोळे घारीसारखे.
भजन चालू असतानाच ती मोठ्याने विचारते,
या जहाजाचं नाव खुर्ची का आहे?